बोलून घेतलेलं गणित

१८ जानेवारी. वाल सोलायला बसले आहे. परवा रात्री भिजवले, काल सकाळी फडक्यात बांधले, आज मोड अर्ध्या पेराएवढे झालेत. कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते, मग चिमटीत धरून दाबायचं, दाणा टुणकन बाहेर येतो. चार माणसांच्या बिरड्याला तासभर जातो आणि त्या तासात डोकं मोकळं असतं, म्हणून हे काम मी कुणाला देत नाही. आज मात्र शेजारची सायली मदतीला आली होती. चौथीत आहे, इंग्रजी शाळेत जाते. सोलता सोलता तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि एक गणित मला वाचून दाखवलं. काय वाचलं! एक शब्द अडला नाही, बातम्या देणाऱ्या बाईसारखं घडाघडा. वाचून झालं आणि मान वर करून मला विचारते, "काकू, यात प्लस करायचं की मायनस?"

मी हातातला वाल ताटात टाकला आणि म्हटलं, "ते नंतर. आधी मला सांग, गोष्ट काय घडली?"

"कुठली गोष्ट?"

"गणितातली. कुणाकडे काय होतं, मग काय झालं, आता काय विचारलंय. मराठीत सांग, हवं तर हातवारे कर."

तिने पुस्तकात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेच इंग्रजी वाक्य पुन्हा घडाघडा वाचलं. मला एकदम हसू आलं. तिला वाटलं मी तिला हसले. मी हसले होते आठवीत सोमणबाईंच्या गणिताच्या वर्गात बसलेल्या मला. सायली घरी गेल्यावर उरलेले वाल तसेच पाण्यात ठेवले आणि वही काढली. आठवीचं ते सहामाहीचं प्रकरण लिहायचं राहून गेलं होतं, ते आजच लिहून टाकते.

आमचा गणपतींचा कारखाना पेणजवळ, जोह्यात. कारखाना म्हणजे काय, घराची पडवी, तिच्यापुढे ताडपत्रीचा मांडव आणि मागे शाडू भिजवायची टाकी. गणपती आमच्याकडे वर्षभर असत, फक्त बिनडोळ्यांचे. सकाळी जाग यायची ती काचपेपरच्या खरखरीने, आणि दिवसभर घरातल्या सगळ्या वस्तूंवर, भाकरीच्या परातीवरसुद्धा, पांढरी भुकटी बसलेली असे. आई पोह्याचे पापड करायची. लाट्या मोजताना ती पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी म्हणत असे, म्हणजे हिशेबासाठी नव्हे, हाताला ताल हवा म्हणून. मी ते पाढे शाळेत जायच्या आधीच शिकले, जशी दुसरी मुलं गाणी शिकतात. साडेसात अडीचे किती, हे मला कुणी विचारलं तर मी विचार करत नसे. उत्तर तोंडात असे.

पण खरी शिकवण बाबांची. आसपासच्या गावातली माणसं आपल्या घरचा पाट घेऊन मूर्ती सांगायला येत. पाट ठेवायचा, सुपारी ठेवायची आणि काय हवं ते सांगायचं. आता माणूस सांगताना कसं सांगतो? "यंदा जरा भारदस्त करा." बाबा पाटाकडे बघत, मग त्या माणसाकडे बघत, आणि म्हणत, "थांबा. बोलून घेतो." आणि दोन्ही हात वर करून हवेत ती मूर्ती उभी करीत. "म्हंजे उंची एवढी, सव्वा फूट. पाटाला दोन्ही अंगांनी चार-चार बोटं मोकळी, नायतर आरतीला ताट कुठं टेकवाल? उंदीर पुढं, सोंड डावी. व्हय का नाय?" समोरचा 'व्हय' म्हणेपर्यंत बाबा मातीला हात लावत नसत. आणि यात एक अट होती. गिऱ्हाइकाचेच शब्द परत म्हणायचे नाहीत. कारखान्यात कामाला आलेला नवा माणूस जर म्हणाला, "यंदा भारदस्त करायची," तर बाबा म्हणत, "हा पोपट झाला. तुझं तू बोल." तोंडातून आलं नाय तं हातातून येत नाय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

एका वर्षी लांबच्या एका व्यापाऱ्याचं पत्र इंग्रजीत आलं. बाबांनी ते पेणला नेऊन एकाकडून वाचून घेतलं. त्याने घाईत वाचलं आणि वीस मूर्ती उजव्या सोंडेच्या झाल्या. हव्या होत्या डाव्या. रंगवलेल्या वीस मूर्ती मांडवात परत आल्या तेव्हा बाबा ओरडले नाहीत. ते पत्र त्यांनी खांबाला खिळ्याने अडकवून ठेवलं आणि आईला म्हणाले, "मला बोलून घेता येत नाय असा कागद या घरात आला. आपली रंजू इंग्रजी शिकंल." माझी सातवी झाली होती. रोह्याला आत्या होती, तिला मूलबाळ नव्हतं, आणि तिथल्या शाळेत आठवीच्या अ तुकडीला गणित आणि शास्त्र इंग्रजीतून होतं. जूनमध्ये मी पत्र्याची पेटी घेऊन रोह्याला गेले. मला फार आनंद झाला होता, खोटं का सांगू. भुकटी नसलेल्या घरात राहायला मिळणार होतं.

आत्याचं घर नदीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. सकाळी भोंगा झाला की कंपनीच्या शिफ्टला जाणाऱ्या सायकली गल्लीतून सुटत आणि आत्या त्या भोंग्यावर माझ्या वेण्या घालायची. "हलू नको गो, मान सरळ ठेव, तुझा काका निघाला बघ." डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. वर्गात डबा उघडला की पुढच्या बाकावरच्या मुली नाक धरत. एक धरत नसे, ती शमीम. ती नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून चालत यायची, सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती, घरी आमच्यासारखीच कोकणातली मराठी बोलायची, आणि तिच्या डब्यात माझ्याहून चांगला जवळा असायचा. आम्हाला शेजारी बसवण्यात आलं कारण आमच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

गणिताला सोमणबाई. मूळच्या पुण्याच्या, किडकिडीत, आवाज खणखणीत. त्यांची मराठी इस्त्री केल्यासारखी होती आणि इंग्रजी त्याहून कडक. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक गणित लिहिलं, ते वाचलं आणि वर्गाकडून म्हणून घेतलं. 'लेट द लेंग्थ बी एक्स.' पन्नास मुलं ओरडली, 'लेट द लेंग्थ बी एक्स.' मीही ओरडले. मला छान वाटलं. मला वाटलं, आलं इंग्रजी. पहिल्या चाचणीत मला पंचविसात चार मिळाले. जोह्यात सातवीला मला शंभरात शहाण्णव होते. बाईंनी पेपर देताना विचारलं, "अगं, आकडे ओळखतेस ना?" वर्ग हसला. आकडे मी ओळखत होते. आकड्यांच्या मधली माती कळत नव्हती. जिथे आकडे दिसले तिथे मी कधी गुणले, कधी वजा केले, जसा वारा येईल तसं. आज सायलीने विचारलं तसंच मी शमीमला विचारत असे, "बेरीज का गो?" ती म्हणायची, "मागच्या वेळी बेरीज होती, आता वजाबाकी असंल."

हे असं दिवाळीपर्यंत चाललं असतं. पण एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत शमीम मला तिच्या शाळेतले पाढे म्हणून दाखवत होती. गंमत म्हणून. सव्वा, डेढ, पौने दो, ढाई. मी खाता खाता थांबले. "परत म्हण," म्हटलं. तिने परत म्हटलं. मी अडीचकी म्हटली, तिने ढाईचा पाढा म्हटला, आणि दोघींची गाडी एकाच रुळावरून धावत होती! आम्ही पुस्तक उघडून शोधलं, इंग्रजीत अडीचला काय म्हणतात. दोन आणि एक अर्धा. चार शब्द! आम्ही इतक्या हसलो की शमीमला ठसका लागला. ज्यांच्याकडे अडीचला एक शब्द नाही, त्यांना भिऊन आम्ही तीन महिने बसलो होतो. (पुढे कळलं की त्यांची उजळणी आपल्यापेक्षा सरळ आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये घोटाळा करणारी आपली मुलं मी पाहिली आहेत. पण त्या दिवशी आम्हाला न्याय करायचा नव्हता, जिंकायचं होतं.)

त्याच संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर मी पुस्तकातलं एक गणित काढलं आणि, कसं कोण जाणे, हात वर केले. "थांबा. बोलून घेते," मी म्हटलं. समोर कुणी नव्हतं. आत्या आतून म्हणाली, "कुणाशी बोलतंस गो?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाशी." एकेक इंग्रजी शब्द शब्दकोशातून खणून काढायचा, आणि मग पुस्तक मिटायचं, आणि माझ्या मराठीत, दोन्ही हातांनी, ते गणित हवेत उभं करायचं. शेत एवढं. कुंपण असं. खांब इथून इथून. पोपट व्हायचं नाही. पहिल्या गणिताला पाऊण तास लागला. पण उभं राहिलं तेव्हा त्यात गणित असं काही उरलंच नव्हतं, ते समोर दिसत होतं! त्या आठवड्यात मी चाळीसएक गणितं उभी केली. आत्या वाल सोलत ऐकायची आणि मधेच विचारायची, "मंग त्या शेतवाल्याचं काय झालं?" शमीम शिकली, ती तिच्या भाषेत उभी करायची, आणि आमचं जुळलं नाही की आम्ही पुलावर उभ्या राहून भांडायचो. जाणारे-येणारे बघत, दोन मुली हातवारे करून टाकीत पाणी भरतायत.

टाकीवरून आठवलं. सहामाहीच्या पेपरात टाकीच होती. पाण्याची टाकी, तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच. अर्धी भरलेली आहे. पाऊण भरायची तर अजून किती लिटर पाणी ओतावं लागेल? प्रश्न अर्थात इंग्रजीत. मी वाचला, पेन खाली ठेवलं आणि हात वर केले. आता सांगते ती माझी चूक. आमच्या कारखान्यात मोठ्याने बोलल्याशिवाय काम सुरूच होत नाही, आणि परीक्षेत बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, पण माझ्या तोंडाला माहीत नव्हतं. मी बोलत होते. "टाकी एवढी, एवढी, एवढी. तीन दुणे सहा, सहा दीडे नऊ. अर्धी हाय, पाऊण करायचीय, म्हंजे पाव घालायचं. नवाचा पाव." आणि हवेत बोटं. सव्वादोन मी बोटांनी दाखवले, दोन बोटं सरळ आणि एक वाकडं, जसं बाबा दाखवत.

परीक्षेला जागा बदललेल्या, त्यामुळे पुढच्या बाकावर शमीम होती. तिने मान वळवली. सुपरवायझर सरांनी ते नेमकं पाहिलं.

मी उत्तराचा आकडा लिहीपर्यंत सर बाकापाशी पोचले आणि माझा पेपर काढून घेतला, तिचाही. हेडसरांच्या खोलीत आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. सर म्हणत होते, "खुणा करत होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटं दाखवून उत्तर सांगत होती." आणि दुर्दैव असं की टाकीचं उत्तर दोघींच्या पेपरात तेच होतं, दोन हजार दोनशे पन्नास, आणि दोघींनीही मधली एकही पायरी लिहिलेली नव्हती. पुढे कळलं, बाकीच्या वर्गात ते गणित जेमतेम पाच जणांना आलं होतं. हेडसरांनी शांतपणे सांगितलं की पेपर रद्द, आणि मला ब तुकडीत पाठवायचं की शाळेतून दाखला द्यायचा ते वडिलांशी बोलून ठरेल. शमीमच्या घरचं कुणी यायची गरज नव्हती, कारण दोष माझा होता, मी बोलले होते. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला ऐकू आलं?"

"आलं ना. कानाला झाकण असतंय काय?" ती म्हणाली. "पण मी आधीच लिहिलं होतं."

खरं की खोटं, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात तिच्या नातवाच्या बारशासारखा काही कार्यक्रम होता तिथे आम्ही शेजारी बसून जेवलो, तेव्हाही विचारलं नाही.

निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाबा आले. जोह्याहून पेण, पेणहून रोहा. केसांत भुकटी तशीच, हात मात्र कोपरापर्यंत घासून धुतलेले. मला वाटलं रागावतील. त्यांनी मला काही विचारलं नाही. हेडसर आणि सोमणबाई बसले होते, सुपरवायझर सर दारात उभे. हेडसरांनी सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, मग सवयीने हात थोडे वर केले आणि म्हणाले, "बोलून घेतो सायेब. म्हंजे माझ्या पोरीनं उत्तर त्या पोरीला विकलं, असं तुमचं म्हणणं."

"विकलं असं नाही..."

"मंग काय ते नीट ठरू दे. कागदात काय लिव्हलंय?"

सोमणबाईंनी प्रश्नपत्रिका उचलून इंग्रजीत प्रश्न वाचला. बाबांनी लक्ष देऊन ऐकला, जणू कळतोय. मग म्हणाले, "हे मला नाय समजत. रंजू, बोलून दाव."

मी भिंतीपासून पुढे झाले. मी ती टाकी हेडसरांच्या टेबलाच्या वर हवेत बांधली. लांबी एवढी, तीन मीटर. रुंदी दोन. उंची दीड. एक मीटर, एक मीटर, एक मीटर असा चौकोनी डबा असला तर त्यात हजार लिटर मावतात. टाकी अर्धी भरलीय. ती पाऊण करायचीय. अजून किती ओतायचं, ते विचारलंय. मी एवढंच सांगितलं, उत्तर सांगितलं नाही. बाबांनी माझ्या हातांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जशी ते घरी शाडूची टाकी पाहत, आणि म्हणाले, "सव्वादोन हजार."

सोमणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "परत सांगा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली इस्त्री कुठल्या कुठे गेली होती. "कसं काढलंत?"

"त्यात काढायचं काय बाई? अर्ध्याची पाऊण व्हायला पाव लागतो. नवाचा पाव सव्वादोन. बोटं दाखवायची ती अशी," आणि त्यांनी दोन बोटं सरळ आणि एक वाकडं करून दाखवलं. दारातल्या सरांनी खाली पाहिलं.

"मी याला चार पायऱ्या शिकवते," बाई म्हणाल्या, आमच्यापैकी कुणाला नव्हे, स्वतःलाच. मग त्या हेडसरांकडे वळल्या. मला आजही ते आवडतं की त्यांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, हिने उत्तर पुरवलं नाही. पण बोर्डाच्या परीक्षेला हिचे वडील शेजारी बसणार नाहीत, आणि बोर्ड पायऱ्या मागतं, तेही इंग्रजीत. मी आत्ता तीन गणितं देते. आधी मला मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत पायऱ्यांसह लिहायचं. मग ठरवू."

बाबा बाहेर आंब्याखाली जाऊन बसले. मी रिकाम्या वर्गात, समोर बाई. पहिलं गणित मी बोलून घेतलं आणि लिहिलं. दुसरं घेतलं आणि लिहिलं. दोन्ही बरोबर. काय सांगू, अंगात वारं भरलं होतं! तिसरं पाहिलं तर सोपं: बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद बाग, तिच्याभोवती बाहेरून एक मीटर रुंदीची वाट, वाटेचं क्षेत्रफळ काढा. बाई म्हणाल्या, "सांग." मी म्हटलं, "बाई, कळलं हे," आणि थेट लिहायला घेतलं. तेरा गुणिले नऊ, एकशे सतरा. त्यातून शहाण्णव गेले, एकवीस. पेपर दिला.

बाईंनी तिसऱ्यावर लाल काट मारली आणि पेपर माझ्या पुढ्यात न ठेवता आपल्या पर्समध्ये घातला. "दोन बरोबर. एक चूक. कुठे चुकलं ते तुझं तू शोध. आता नीट ऐक. ब तुकडीत गणित मराठीत आहे. तिथे तू डोळे मिटून पहिली येशील. इथे राहिलीस तर तीन वर्षं दुप्पट काम, आणि पहिली कदाचित कधीच येणार नाहीस. सरांना मी सांगते, दोन्ही दारं उघडी ठेवा. उद्या प्रार्थनेच्या आधी मला सांग, कुठे बसणार."

ही काही धमकी नव्हती. चांगल्या मनाने दिलेला सल्ला होता आणि मी खरंच डळमळले. पहिली येणं मला फार आवडायचं. बाबांबरोबर एसटी स्टँडवर चालत गेले. वाटेत मी सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "बाबा, तुम्हीच ठरवा." ते म्हणाले, "पाट कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." "मंग मूर्ती मी कशी सांगू?" स्टँडवर त्यांनी दोन भजी पाव घेतले, एक मला दिला. पेणच्या गाडीला अवकाश होता. खाता खाता त्यांनी विचारलं, "तिसरं कसलं होतं?"

"बाग बारा मीटर बाय आठ मीटर, भोवती एक मीटरची वाट, वाटेचं क्षेत्रफळ..."

"पोपट," बाबा म्हणाले.

मी भजीपाव बाकावर ठेवला. हात पुसले, वर केले. "बाग एवढी. लांबी बारा. आता वाट. वाट बाहेरून. या अंगाला एक मीटर, आणि त्या अंगा..." माझे दोन्ही हात दोन्हीकडे गेले आणि तिथेच थांबले. दोन्ही अंगांनी चार-चार बोटं. आमच्या कारखान्यात पाच वर्षांचं पोरदेखील पाटाला एकाच बाजूने जागा सोडणार नाही, आणि मी बागेला सोडली होती! तेरा नव्हे, चौदा. नऊ नव्हे, दहा. एकशे चाळीसातून शहाण्णव. चव्वेचाळीस! मी इतक्या जोराने ओरडले की पलीकडच्या बाकावरच्या बाईने पिशवी जवळ ओढली. मला गणित येत नव्हतं म्हणून चुकलं नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं म्हणूनही नव्हे. आलं असं वाटलं म्हणून बोलून घेतलं नव्हतं, तिथे चुकलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त माझा भजीपाव उचलून परत माझ्या हातात दिला आणि गाडी लागली तसे चढले.

पुढे मी स्थापत्याची पदविका घेतली आणि आयुष्यभर पुलांची, मोऱ्यांची, टाक्यांची इस्टिमेटं केली. टेंडरचे कागद इंग्रजीत, मुकादम पोलादपूरचा नाहीतर नांदेडचा, मजूर कातकरवाडीवरचे. कागद वाचायचा, मिटायचा, आणि साइटवर उभं राहून दोन्ही हातांनी पूल उभा करून दाखवायचा. आणि मग मुकादमाला म्हणायचं, आता तू बोलून दाखव. नवीन आलेली इंजिनियर मुलं आधी हसत. ज्यांनी हे केलं नाही त्यांचे दोन खांब मी स्वतः फोडून परत घालायला लावले आहेत.

स्टँडवरून परतले त्या संध्याकाळी आत्याने बिरडं केलं होतं. तिने विचारलं, "काय गो, काय ठरलं?" मी म्हटलं, "उद्या सांगते," आणि तिच्यासमोर बसून उरलेले वाल सोलले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी उठले, वेणी स्वतःची स्वतः घातली आणि प्रार्थनेच्या पाऊण तास आधी शाळेत पोचले. अ तुकडीच्या वर्गात सोमणबाई एकट्या फळा पुसत होत्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "मग? कुठे बसणार?"

"बाई, तिसरं गणित परत द्या," मी म्हटलं, दप्तर आमच्या बाकावर ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे केले.